मोटरला वाहिलेलं जास्वंद

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी बोलायला हळू. गंमत येईपर्यंत तुमचा चहा निवेल, मग मला बोल लावू नका.

पण सांगतोच. एका संध्याकाळी मी पायी फिरायला बाहेर पडलो आणि घरी परत आलो तो एका मुलाचा बाप होऊन! या वयात! मुलगा दुबईला, आणि मी त्याचं तोंडही कधी पाहिलेलं नव्हतं!

थांबा, पहिल्यापासून सांगतो.

अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यातून मी रिटायर झालो होतो. राहायला बदलापूरला, कात्रपजवळच्या एका चाळीत. इंदू, माझी बायको, जाऊन एक पावसाळा उलटला होता. मूलबाळ आम्हाला नव्हतं. दिवस कसाही जातो हो. तांदूळ निवडा, धोतर धुवा, शेजाऱ्याचा पेपर आणून वाचा, दिवस गेला. पण संध्याकाळ? ती येऊन उंबऱ्यावर बसते ती उठायचं नावच घेत नाही.

त्यात माझं हे बोलणं. मी वाक्य सुरू करेपर्यंत समोरचा ते संपवून मोकळा होतो. इंदूही माझी वाक्यं पुरी करायची. पण ती बरोबर पुरी करायची. बाकीचे स्वतःच्या सोयीने करतात.

तर संध्याकाळवर मी एक तोड काढली होती. सत्यनारायण!

सत्यनारायणाला आमंत्रण लागत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. उलट कळूनही गेलं नाही, प्रसाद टाकला, तर काय होतं तेही कथेत ऐकलंय आपण. तेव्हा कात्रपला नव्या नव्या बिल्डिंगी उभ्या राहत होत्या आणि श्रावणात एका दिवसाआड कुठे ना कुठे पूजा असायचीच. मी चाळीच्या कुंपणावरचं एक जास्वंदीचं फूल तोडून घ्यायचं आणि चालत सुटायचं. जिथे दाराशी चपलांचा ढीग दिसेल तिथे आत. फूल वाहायचं, नमस्कार करायचा, कोपऱ्यात बसून द्रोणातला शिरा खायचा. कुणीतरी म्हणतं, "बसा हो काका, घाई काय आहे?" झालं. तेवढ्यावर रात्र निघायची.

तुम्ही म्हणाल, म्हातारा शिऱ्याला सोकावला होता. नाही हो. शिरा मला करता येतो. "बसा हो काका" तेवढं घरी करता येत नाही.

त्या संध्याकाळी बारीक पाऊस होता. चष्म्यावर थेंब. एका नव्या बिल्डिंगच्या खाली, गाड्या लावायच्या जागेत, सतरंज्या अंथरलेल्या दिसल्या. बाहेर चपला म्हणाल तर चांगला ढीग! आत पन्नासएक माणसं. पुढे टेबल, टेबलावर लाल कापड, नारळ, उदबत्ती आणि झेंडूच्या हाराआड देव. मी चपला काढल्या, वाकत वाकत पुढे गेलो, फूल वाहिलं आणि डोकं टेकवलं.

डोक्याला जरा गार लागलं. लोखंडासारखं. डोळे उघडून पाहिलं तर हाराआडचा देव निळा होता. म्हटलं, बरोबर. विष्णूच तो, निळाच असायचा!

मागे येऊन बसलो. माझ्या पाठोपाठ एक जाडगेले म्हातारे गृहस्थ येऊन शेजारी टेकले. पांढराशुभ्र लेंगा-सदरा, अंगाला अत्तराचा वास. माझ्याकडे पाहून हसले. मीही हसलो. मनात म्हटलं, घरमालक दिसतात.

भटजी पँट-शर्टात होते. आजकाल चालतं. त्यांनी एक वही उघडली आणि "मागील सभेचा वृत्तांत" असं काहीतरी वाचायला लागले. मी हात जोडले. पहिला अध्याय!

दुसऱ्या अध्यायात भांडण सुरू झालं.

"माझ्या नळाला थेंब नाही, आणि खाली गाड्या धुतायत!" एक बाई उभ्या राहून ओरडल्या.

"धुरीबाई, स्कूटर आहे ती. गाडी नाही."

"स्कूटरला अंघोळ आणि माझ्या पोरांना नाही का? तिकडे बारवी धरण वाहतंय आणि इकडे आम्ही पेल्याने अंघोळी करतोय. धरण उशाला आणि कोरड घशाला!"

आता कथेत साधुवाणी येतो, लीलावती येते, कलावती येते. धुरीबाई कुठल्याच अध्यायात नाहीत, एवढं मला ठाऊक होतं. मी चष्मा पुसला. नीट पाहिलं. अहो, देव कसला? पाण्याची मोटर! नवी कोरी, निळी, सोसायटीने विकत घेतलेली मोटर! आणि भटजी म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी कदम!

मी हळूच उठायला लागलो. शेजारच्या गृहस्थांनी माझं मनगट धरलं.

"अरे बैठो साईं! प्रशाद के बिना कैसे जायेगा?"

म्हणजे प्रसाद आहे? मी बसलो.

कदम म्हणाले, "मंडळी, मोटर तर आली. आता ती लावणार कोण? रोज पहाटे पाणी आलं की एकदा आणि संध्याकाळी एकदा. वरची टाकी भरली की बंद करायची. सगळे नोकरीवाले आहेत, मान्य. पण कुणीतरी पुढे या."

जी माणसं आत्तापर्यंत एकमेकांच्या अंगावर जात होती, ती एकदम छताकडे बघायला लागली. छतावर पाल होती, तीसुद्धा मागे सरली.

आणि माझ्या शेजाऱ्यांनी हात वर केला.

"ये साहब है ना! आते ही मोटर को नमस्ते किया. फूल चढाया, माथा टेका. मैंने देखा!"

सगळ्यांचे डोळे माझ्यावर.

"खरंच की!" कदम म्हणाले. "आपण नारळ ठेवला आणि भांडत बसलो. हात कुणी जोडले? ह्यांनी! ह्याला म्हणतात आस्था. काका, आपण कुठले?"

मी उभा राहिलो. म्हणायचं होतं, मी इथला नाही. सुरुवात केली, "मी... इथला..."

"इथलेच! म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे! सुर्व्यांचे वडील ना? दुबईवाल्या सुर्व्यांचे?"

"नाही... म्हणजे... सुर्वे..."

"म्हटलंच मी! तो फ्लॅट घेतल्यापासून बंद. बरं झालं तुम्ही राहायला आलात. आणि हे शेजारी बसलेत ते?"

"हे... मला..."

"तुमचे पाहुणे. बरं, बरं. वाजवा टाळ्या!"

टाळ्या वाजल्या हो! माझ्या लग्नात वाजल्या नव्हत्या एवढ्या वाजल्या. आता सांगा, अशा टाळ्यांत "मी शिऱ्याला आलो होतो" हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

शिरा नव्हताच. अर्धा अर्धा कप चहा मिळाला आणि सभा संपली. कदम जिन्याच्या तोंडाशी उभे. "चला काका, जपून चढा. दिवा लागत नाही वर."

काय करता? चढलो. पाहुणेही माझ्या मागून चढले. तिसरा मजला. बंद दार, दाराला भलंमोठं कुलूप. खालून कदमांचा आवाज येतच होता. आम्ही दोघे म्हातारे त्या कुलपासमोर उभे. मी त्यांच्याकडे पाहतोय, ते माझ्याकडे.

"खोलो ना साईं," ते म्हणाले.

"तुम्ही... उघडा."

"मैं कैसे खोलूं? घर आपका!"

"माझं घर... इथे नाही."

"म्हणजे?"

"मी... पूजा समजून आत आलो. तुम्ही इथले ना?"

गृहस्थ पायरीवर मटकन बसले. मला वाटलं, चक्कर आली. पण ते हसत होते. पोट धरून, आवाज दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अरे बाबा, मैं तो आपके पीछे पीछे आया! रस्त्यात तुमच्या हातात फूल बघितला. सोचा, ये आदमी भगवान के पास जा रहा है, चलो हम भी चलते हैं!"

त्यांचं नाव हासूमल. उल्हासनगरचे. कापडाचं दुकान होतं. तिथेच पायरीवर बसून त्यांनी अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत सांगितलं, "दुकान बेटे ने ले लिया. टीव्ही बहू ने ले लिया. बीवी को भगवान ने ले लिया. माझ्याकडे फक्त शाम बाकी राहिली. म्हणून इकडे येतो, हवा खायला."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकलो. बोलायला घेतलं असतं तर त्यांनीही वाक्य पुरं केलं असतं, आणि या वेळी बरोबर केलं असतं.

खाली सामसूम झाल्यावर आम्ही चपला हातात घेऊन चोरासारखे उतरलो. फाटकापाशी मी म्हणालो, "उद्या सकाळी खरं काय ते सांगून टाकतो."

"हां, बोल दो," हासूमल म्हणाले. "और शाम को मैं पूछने आऊंगा, क्या हुआ."

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी खरोखर सांगायलाच गेलो होतो. देवाशपथ! पण कदम कमरेला टॉवेल गुंडाळून, तोंडात ब्रश घालून वाटच बघत होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी रात्रीतच बसवून घेतलेल्या मोटरच्या कपाटाची किल्ली माझ्या हातावर ठेवली. मी बटण दाबलं. मोटर घुमायला लागली. आणि पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून धुरीबाईंनी हाक मारली, "आबा! ओ आबा! पाणी आलं हो!"

आबा. इंदू गेल्यापासून मला कुणी वरून हाक मारली नव्हती.

मी किल्ली खिशात टाकली.

पुढे काय विचारता? रोज पहाटे माझी चाळ ते बिल्डिंग, बिल्डिंग ते चाळ. आता मेख बघा. आमच्या चाळीच्या नळालाही त्याच वेळी पाणी यायचं! इकडे मी अख्ख्या बिल्डिंगची टाकी भरतोय, तिकडे माझा हंडा घरात उपडा. शेजारच्या नलूताई चार दिवस भरून देत होत्या. मग म्हणाल्या, "आबा, एवढ्या पहाटे जाता तरी कुठे?"

मी म्हणालो, "मी... देवाला..."

"काकड आरतीला! बाई बाई, इंदूवहिनी गेल्या आणि तुम्ही देवाला लागलात!" त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

चाळीत मी संत झालो. बिल्डिंगमध्ये सुर्व्यांचा बाप झालो; तिसऱ्या मजल्यावरचं कुलूप दिसलं तरी लोक म्हणायचे, आबा फिरायला गेले असतील. आणि प्यायचं पाणी मात्र बिल्डिंगमधून कॅनमध्ये भरून लपवून चाळीत आणत होतो.

संध्याकाळची मोटर लावायला गेलो की हासूमल हजर. येताना पापड आणायचे. त्यांच्याकडे घरी आलेल्या माणसाला पाण्याबरोबर पापड द्यायची रीत. मोटरशेजारी बादली उपडी घालून ते बसायचे आणि म्हणायचे, "आओ साईं, अपने घर पे बैठो." मोटर घुं घुं करायची, आम्ही कुडुमकुडुम पापड खायचो. बोलणं फार नाही. संध्याकाळ मात्र उठून निघून जायला लागली.

पोरं जिन्यात "आबा, मोटर कधी बंद करणार?" म्हणून विचारायची. धुरीबाई गॅलरीतून भाजीची वाटी सोडायच्या, दोरीने. मी रोज ठरवायचो, आज सांगायचं. आणि रोज वाटायचं, सांगितलं की किल्ली जाईल, हाक जाईल, आणि पुन्हा ती संध्याकाळ उंबऱ्यावर येऊन बसेल. मग आजचं उद्यावर.

आणि दिवाळीच्या तोंडावर सुर्वे आला! दुबईहून! बॅगा घेऊन!

कदमांनी फाटकातच त्याचा हात धरला. हे मला मागाहून कळलं. म्हणाले, "सुर्वे, तुमचे वडील म्हणजे देवमाणूस!"

सुर्वे म्हणाला, "हो. पण तुम्ही त्यांना कधी पाहिलंत?"

"रोज पाहतो! पहाटे मोटर लावतात!"

"कदमसाहेब, माझे वडील जाऊन पाच वर्षं झाली."

कदमांना घाम फुटला म्हणे. त्या रात्री त्यांनी घरात सगळे दिवे लावून ठेवले.

मला यातलं काही ठाऊक नाही. मी पहाटे आपला गेलो, मोटर लावली, बादलीवर बसलो. मागे पावलं वाजली. वळून पाहिलं, एक तिशीतला मुलगा हातात बॅटरी घेऊन उभा. त्याने प्रकाश आधी माझ्या तोंडावर टाकला, मग पायांवर. पाय सरळ आहेत की उलटे ते बघत होता!

"कोण तुम्ही?"

"मी... आबा."

"ते कळलं. माझे वडील मोटर लावतात म्हणून बघायला आलो होतो."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण आता सुटका नव्हती. मी सांगायला सुरुवात केली. फुलापासून. चपलांच्या ढिगापासून. निळ्या विष्णूपासून. माझं सांगणं तुम्हाला माहीत आहे, बैलगाडी बरी. पण तो मुलगा समोर उकिडवा बसला आणि ऐकत राहिला. एकही वाक्य त्याने तोडलं नाही. अडखळलो तिथे थांबला. मी इंदूचंही सांगितलं. संध्याकाळचं सांगितलं. जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सगळं सांगितलं.

मी बोलून थांबलो तेव्हा डोक्यावर धो धो आवाज. वर पाहतो तर गच्चीवरून धबधबा! टाकी केव्हाच भरली होती! मोटर बंद करायचं भान कुणाला?

अख्खी बिल्डिंग खाली आली. लुंगीवाले, गाऊनवाल्या, पोरं. सगळ्यांसमोर खरं बाहेर पडलं.

कदमांचा घाम वाळला आणि राग चढला. "म्हणजे तुम्ही सुर्व्यांचे कुणी नाही? सोसायटीचे सभासदच नाही?"

"नाही..." मी खिशातून किल्ली काढून पुढे धरली.

"सभासद काय चाटायचेत?" धुरीबाई गरजल्या. "सभासदांनी कधी मोटर लावलीय? तुम्ही लावलीत? ठेवा ती किल्ली आबांकडेच!"

"अहो, पण नियम..."

"हे बघा कदमसाहेब," सुर्वे शांतपणे म्हणाला, "माझ्या वडिलांना कुणी काही बोलायचं नाही."

लोक हसले. मी नाही हसलो. मी मोटर नीट बंद झाली का ते बघत तोंड फिरवून उभा राहिलो, बराच वेळ.

दुबईला परत जायच्या आधी सुर्व्याने घरात सत्यनारायण घातला. आणि मला सांगायला स्वतः चाळीत आला! नलूताईंच्या देखत म्हणाला, "आबा, उद्या संध्याकाळी पूजा आहे. तुम्ही आणि हासूकाका. पाहुणे म्हणून यायचं. फूलसुद्धा आणायचं नाही. नुसतं येऊन बसायचं."

आमंत्रण! एवढ्या पूजा झाल्या, पण आमंत्रण हे पहिलं. मी इंदूने शिवून घ्यायला लावलेला कोट काढला. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास. हासूमलनी आपलं अत्तर वर फासलं. दोघे मिळून औषधाच्या दुकानासारखे दरवळत तिसऱ्या मजल्यावर गेलो. या वेळी कुलूप नव्हतं. आत लोड ठेवला होता. लोडाला टेकून बसलो. "या आबा, बसा आबा." खरी कथा, खरे पाचही अध्याय, खरा केळ्याचा शिरा. माझ्यासारखा तृप्त माणूस त्या दिवशी बदलापुरात नसेल.

आरती झाली. पंचामृताचे, तुपाचे हात. लोक धुवायला उठले. मोरीतून आवाज आला, "नळाला पाणी नाही!" स्वयंपाकघरातून आवाज, "अहो, इथेही नाही!" खालून धुरीबाई ओरडल्या, "टाकीत खडखडाट आहे!" पाहुणे हात वर धरून उभे. सुर्व्याचा चेहरा उतरला. मला त्या पोराचं इतकं वाईट वाटलं! असा प्रसंग, आणि पाणी नाही? मी लोडावरून ताडकन उठलो. जन्मात पहिल्यांदा एक अख्खं वाक्य मी एका दमात, न अडखळता, खणखणीत आवाजात पुरं केलं. कुणाची हिंमत झाली नाही मध्ये बोलायची.

"अरे, या बिल्डिंगचा मोटरवाला आहे तरी कोण, बेजबाबदार माणूस कुठला!"

हासूमलनी माझ्या कोटाची बाही हळूच ओढली.

"साईं," ते म्हणाले, "किल्ली तुमच्या खिशात आहे."